लेकरासमोर जेवू नये

आठ महिन्यांच्या स्वरूपचं तोंड ते केवढं! त्यात चमचासुद्धा आडवा जायचा नाही. पण ते एकदा मिटलं, की शेणानं लिंपलेल्या कणगीचं तोंड परवडलं अशी गत होती. त्या तोंडापुढे सुलूनं काय काय म्हणून नेलं नव्हतं! आंबेमोहोराची पेज झाली, नाचणीचं सत्त्व झालं, मुगाच्या डाळीचं पाणी, केळ्याचा गर, उकडलेला लाल भोपळा. स्वरूप आधी चमच्याकडे बघायचा, मग आजीकडे बघायचा आणि मग भिंतीकडे बघायचा. भिंतीकडे बघितलं की समजायचं, बैठक संपली.

सुलूला काही म्हणता काही उमजत नव्हतं. पोरगं आजारी म्हणावं तर दिवसभर हसतंय, ओसरीभर रांगतंय, आजोबाच्या, गंगाधरच्या, मिशीला लोंबकळतंय. नसरापूरच्या डॉक्टरांनी वजन करून बघितलं आणि म्हणाले, "वजन चांगलं आहे. जबरदस्ती करू नका, खेळीमेळीनं घ्या." खेळीमेळीनं म्हणजे कसं, ते मात्र त्यांनी कागदावर लिहून दिलं नाही.

घाई होती ती सोमवारची. भार्गवी, सुलूची सून, मूळची भोरची आणि तिथल्याच एका पतसंस्थेत कामाला. बाळंतपणाची रजा संपली, मागून घेतलेली वाढीव रजाही संपली आणि येत्या सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. मार्गासनीहून भोरला स्कूटीवर रोज जाऊन-येऊन करायला तिची ना नव्हती. लग्नापासून ती तेच करत होती. पण ती दिवसभर नसताना पोरानं काहीतरी पोटात घालायला हवं की नको? आणि पोरगं तर आईच्या दुधापलीकडे कशाला शिवायला तयार नव्हतं.

भोरहून विहीणबाईंचा, मंदाकिनीबाईंचा, रोज फोन यायचा. "इकडेच येऊन राहू दे दोघांना. भार्गवी दुपारच्या सुट्टीत घरी येऊन त्याला पाजून जाईल. रविवारी येतील की तिकडे." बोलणं सरळ होतं, त्यात खोट काढावी असं काही नव्हतं, आणि म्हणूनच सुलूला ते ऐकवत नसे. रविवारी येणारं नातवंड म्हणजे पानशेतला येणारी पुण्याची माणसं. येणार, भजी खाणार, फोटो काढणार आणि ऊन उतरलं की गाडीला चावी लावणार. सुलूला रविवारचं नातवंड नको होतं. तिला सोमवारचं, मंगळवारचं, पाय आपटून रडणारं, धुणं-भांडी खोळंबवून ठेवणारं नातवंड हवं होतं. हे बोलायचं कुणाजवळ? मुलगा सुयश शिरवळच्या कंपनीत पाळीवर जायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, "तुमी दोघी काय ते ठरवा," आणि कूस बदलून झोपायचा.

तेव्हा एकच मार्ग होता. सोमवारच्या आत पोरानं सुलूच्या हातचं खाल्लं पाहिजे.

त्यात सुलूनं काही कसूर ठेवली होती असं नाही. तिच्या सासूबाईंनी, गेलेल्या अंबूबाईंनी, लेकराच्या बाबतीत घालून दिलेले दंडक ती अक्षरन् अक्षर पाळत होती. लेकराला भरवायचं ते चारचौघांत नाही. माजघरात, दार लोटून, वाटीवर पदर धरून. कुणाची नजर घासावर पडता कामा नये. आणि दुसरं म्हणजे लेकरासमोर जेवायचं नाही. "आपल्या घासासंगं त्याचा जीव वर-खाली व्हतो," अंबूबाई म्हणायच्या. "त्याला घोर लागतो आन् आपल्याबी अंगी लागत न्हाई." म्हणून या घरात ताटं वाढली, की आधी स्वरूपची उचलबांगडी ओसरीवर व्हायची. गंगाधर जेवायला बसला की सुलू बाळ घेऊन बाहेर; सुयश बसला की भार्गवी बाहेर. शिकलेली सून यावर काही म्हणेल असं सुलूला वाटलं होतं, पण भार्गवी एका शब्दानं बोलली नाही. त्या निमित्तानं तिला दोन्ही हात मोकळे ठेवून जेवायला मिळत होतं. असला दंडक कोण मोडेल?

मधे एका बुधवारी मात्र चमत्कार झाला. स्वरूपनं चांगली अर्धी वाटी पेज खाल्ली. पुढे काय झालं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंत.

"काल काय येगळं व्हतं?" सुलूनं भार्गवीला विचारलं.

भार्गवीनं आठवून पाहिलं. "लाल टोपडं होतं त्याला."

लाल टोपडं धुवायला टाकलं होतं ते ओलंच उन्हात धरून वाळवलं. भिंत.

"आणि बाबा दारात उभे होते. बादली घेऊन."

सुलूनं गोठ्याकडे हाक मारली. गंगाधर आला तसा त्याला माजघराच्या दारात उभं केलं.

"अगं, म्हशीला पानी दावायचंय."

"म्हस मरत न्हाई तेवढ्यात. बादली धरा हातात. त्या न्हाई, काल डाव्या हातात व्हती."

"आता डावा-उजवा बी कळतोय व्हय त्याला?"

"बाबा, जरा राहा ना उभे," भार्गवी काकुळतीनं म्हणाली. सुनेपुढे गंगाधरचं काही चालायचं नाही. तो उभा राहिला. चमचा पुढे गेला. स्वरूपनं आजोबांकडे बघितलं, बादलीकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"काल बादलीत पानी व्हतं," सुलू म्हणाली.

गंगाधर मुकाट गेला आणि बादली भरून घेऊन आला. तिच्या वजनानं एका अंगाला कलून तो बराच वेळ उभा राहिला. "लग्नात बी एवढं उभं केलं न्हवतं मला," तो म्हणाला. भार्गवीला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. स्वरूप आईला बघून खूश झाला, खदखदून हसला आणि तोंड उघडलंय म्हणून सुलूनं चमचा आत सारला, तर सगळी पेज लाल टोपड्यावर.

त्याच संध्याकाळी भार्गवीनं बॅग भरायला काढली. "आई, शनिवारी मी सकाळीच पुढे जाते. ऑफिसात कागद द्यायचेत. तुम्ही ह्याला घेऊन या. ह्या थंडीत स्कूटीवर नको." मग थोड्या वेळानं, बॅगेतच बघत, "तिकडे खाल्लं तर तिकडे राहू. काय करणार दुसरं?"

"व्हय," सुलू म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी सुलूनं नातवाला शालीत गुंडाळलं आणि स्वतःच्या हातानं पोचवायला निघाली. गंगाधर फाट्यापर्यंत आला. "न्हाईच खाल्लं तिथं, तर परत आण," तो म्हणाला. "आसं बोलू न्हाई," सुलू म्हणाली, पण तिच्याही मनात तेच होतं. एसटीनं चेलाडीपर्यंत, तिथून वडापच्या जीपमध्ये मांडीला मांडी लावून कापूरहोळ. कापूरहोळला भोरची गाडी नुकतीच गेली होती.

फाट्यावर एका पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे बाकडं होतं, त्यावर छान ऊन आलं होतं. सुलू टेकली. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसली होती. समोर तिचा मुलगा मोटारसायकलच्या चाकाशी उकिडवा बसून पंक्चरवाल्याला शिकवत होता. म्हातारीनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि मांडीवर घेतला. आत वरणात भिजवून, कुस्करून, पार गोळा केलेली भाकरी होती.

सुलूनं सवयीनं स्वरूपचं तोंड फिरवलं आणि वरून पदर घेतला. त्यानं पदर ओढला. तिनं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. त्यानं मान वळवून त्या बाजूनं बघितलं.

"आगं बघू दे की," म्हातारी म्हणाली. "बघायला काय तिकीट लागतंय?"

"लेकराम्होरं जेवू न्हाई, आजी."

"आसं? मग मी उठू व्हय हितनं?" म्हातारीनं एक घास तोंडात टाकला. "मला जेवून गोळी घ्यायचीय. तूच ऊठ."

सुलूकडे बॅग, पिशवी, बाटली आणि पोर. उठून जाणार कुठे? ती बसून राहिली आणि स्वरूप बघत राहिला. तसा तो खेळण्याकडेही बघत नसे. म्हातारीचा हात डब्यात जायचा, तिथून तोंडाशी यायचा, तोंड उघडायचं, मिटायचं आणि दात नसलेला जबडा गोल गोल फिरायचा. स्वरूपचे डोळे त्या हाताबरोबर खाली आणि वर. मग त्याचंही तोंड उघडलं. मिटलं. आणि तोही रिकामाच जबडा हलवायला लागला, अगदी म्हातारीच्या तालावर.

सुलू बघत होती, पण आपण काय बघतोय ते तिला कळत नव्हतं. तेवढ्यात स्वरूप पुढे झुकला. ती सावरेपर्यंत त्याचा पंजा डब्यात गेला होता, आणि ती "अगंबाई!" म्हणेपर्यंत मूठ तोंडात.

"आवं उष्टं, उष्टं!" सुलूनं त्याचं मनगट धरलं.

"उष्टं तर उष्टं," म्हातारी म्हणाली. "त्याला तरी कुठं दात हायती? आमी दोगं एका पंगतीचं."

आता काय करावं? ओळख ना पाळख, फाट्यावरची बाई, तिच्या डब्यातलं उष्टं. नजर म्हणावी तर आख्खा हायवे बघत होता. दार लोटलेलं नाही, पदर धरलेला नाही. आणि पोरगं खात होतं. गालाला, नाकाला, शालीला लागलेलं वरण चाटून दुसऱ्या मुठीसाठी हात पुढे करत होतं. ज्या घासासाठी तिनं देव पाण्यात ठेवले होते तो घास आता तोंडातून बोट घालून बाहेर काढायचा? सुलूनं मनगट सोडून दिलं.

"तिखट हाय का वो?"

"तिखट मला सोसतंय व्हय?" म्हातारीनं करंगळीनं लहानसा गोळा केला आणि त्याच्यापुढे धरला. तिचं लक्ष खरं म्हणजे पंक्चरकडे होतं. गोळा गेला. आणखी एक गेला. स्वरूपनं भिंत शोधली नाही. तिथं भिंत नव्हतीही.

"कसली डाळ घातलीय वो आजी? तूर का मूग?"

"पोरानं केलंय. मला काय ठावं?"

तिचा मुलगा हात पुसत आला, "चल आये," म्हणाला. म्हातारीनं डबा बंद केला, मोटारसायकलवर एका बाजूनं बसली आणि साताऱ्याच्या अंगाला निघून गेली. सुलूला तिला बरंच काही विचारायचं होतं. काय विचारायचं होतं, ते तिला भोरची एसटी आली तरी सुचलं नाही.

खिडकीशी बसून तिनं पुन्हा पुन्हा सगळं मांडून पाहिलं. डाळ असेल. डाळ नसेल तर स्टीलचा डबा असेल. घरी वाटी चांदीची होती, बारशात मामानं दिलेली; चांदीचा वास येत असेल का त्याला? का उन्हामुळं? मग तिला बुधवारचा गंगाधर आठवला. तो बादली घेऊन दारात उभा होता हे खरं, पण बोलत कसा नव्हता? एवढा बडबड्या माणूस अर्धी वाटी पेज संपेपर्यंत गप्प? आणि एकदम तिच्या लक्षात आलं, की त्याचा गाल फुगलेला होता. साखरेच्या दुखण्यामुळे डॉक्टरनं बंद केलेला गूळ, शेंगदाण्याबरोबर, चोरून. चावत होता मेला! आणि दुसऱ्या दिवशी बादली भरून उभा केला तेव्हा तोंड रिकामं होतं.

मग तिच्या डोळ्यांपुढे जुनं घर उभं राहिलं, सुयश एवढासा असतानाचं. दीर, जावा, नणंदा, गडी, पाहुणे. सासूबाई सांगायच्या, लेकरासमोर जेवू नका, आणि तरी सकाळपासून कुणी ना कुणी कुठे ना कुठे जेवतच असायचं. पोरांना न्यायचं तरी कुठं? सुयश ताटाताटांतून रांगायचा. म्हणजे दंडक सासूबाईंचा खरा, पण त्या घरात तो कधी कुणाला पाळता आलाच नव्हता. चार माणसांच्या घरात सुलूनं तो पहिल्यांदा पाळून दाखवला होता.

म्हणजे ह्या पोरानं माणूस जेवताना बघितलंच नव्हतं की काय? वाटीतलं ते औषध असंच त्याला वाटत होतं की काय? असेल. नसेलही. कुणाला विचारावं?

आणि याच्या मागोमाग दुसरा विचार आला तो सरळ काळजातच शिरला. हे भोरला सांगितलं, तर पोरगं भोरला खाईल. भोरला खाल्लं, तर भोरला राहील. स्वरूप तिच्या मांडीवर झोपला होता. त्याच्या हनुवटीवर वरण सुकलं होतं. सुलूनं ते पदरानं नीट पुसून काढलं, आणि पुसल्यावर तिला आपण पुरावा पुसल्यासारखं वाटलं.

मंदाकिनीबाईंनी घरी जय्यत तयारी केली होती. पुढे पाट असलेली उंच खुर्ची, पाटाला चिकटून बसणारी ताटली, तिच्यात तीन खणांत तीन रंग. नारिंगी, हिरवा, पांढरा. "गाजर, पालक आणि सफरचंद," त्या म्हणाल्या. "मिक्सरमधून दोनदा काढलंय. सुलूताई, तुम्ही जरा बाहेरच्या खोलीत बसता का? माणसं असली की त्याचं लक्ष उडतं. दमलाही आहात तुम्ही."

बाई मनानं चांगली होती, चहा देऊन मग दार लावलं. सुलू चहा घेत दाराकडे बघत बसली. आतून आवाज येत होते. "आ कर. आऽ. हे बघ विमान. विमान आलं. अरे, काऊ आला. स्वरूप? इकडे बघ. भिंतीवर काय आहे?"

सुलूला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. मग दोन्ही एकदम वाटायला लागलं आणि चहा गार झाला.

भार्गवी दुपारी ऑफिसातून आली ती चपला न काढताच आत डोकावली. तिन्ही रंग जागच्या जागी होते. मंदाकिनीबाई घामेघूम झालेल्या आणि स्वरूप डोळे चोळत मुसमुसत होता. भार्गवी खाली फरशीवरच बसली.

"मम्मी, मी साहेबांना सांगून टाकते. सोडते नोकरी."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग काय करू? तिकडे खात नाही, इकडे खात नाही. सगळं करून झालं. कुणाचं चुकतंय, काय चुकतंय, मला तर काही कळतच नाही. मी आई म्हणून…" पुढचं तिनं गिळलं. "आण त्याला, पाजते. त्याला तरी भूक लागली असेल."

सुलू दारात उभी होती. सगळं आपोआप तिच्या मनासारखं घडत होतं. नोकरी सुटली म्हणजे सून घरी, नातू घरी, सोमवार घरी, मंगळवार घरी. तिला काही म्हणजे काहीच करायचं नव्हतं. नुसतं तोंड मिटून उभं राहायचं होतं. तिनं मिटलंही. भार्गवीच्या ओढणीला पिन लावायची राहून गेली होती आणि सकाळी केसांना लावलेला चाप एका बाजूला लोंबत होता. कामावर जायचं म्हणून या पोरीनं काल दोन ड्रेस इस्त्री करून ठेवले होते, आणि इस्त्री करताना गुणगुणत होती. बाळंतपणानंतर सुलूनं तिचं गुणगुणणं काल पहिल्यांदा ऐकलं होतं.

"थांब," सुलू म्हणाली. "आदी तू जेव."

"मला नको आई."

"जेव म्हनते ना. सकाळधरनं काय न्हाई तुझ्या पोटात. ताई, ताट वाढा हिला. आन् आतमदी न्हाई, हितंच. त्याच्याम्होरं."

भार्गवीनं वर बघितलं. "आई, तुम्हीच म्हणता ना, त्याच्यासमोर…"

"म्हनत व्हते. आता म्हनत न्हाई. जेव."

काय चाललंय ते मंदाकिनीबाईंना कळेना. पण भुकेल्या माणसाला वाढायला कारण लागत नाही. वरणभात, मेथीची भाजी, पोळी आली. सुलूनं स्वरूपला खुर्चीतून काढलं आणि मांडीवर घेऊन भार्गवीच्या समोर, ताटाला लागून बसली.

भार्गवीनं एक घास खाल्ला आणि मुलाकडे बघितलं. स्वरूपनं भिंतीकडे तोंड केलं.

सुलूचा चेहरा उतरला. म्हणजे डाळच होती का? कापूरहोळला जाऊन त्या म्हातारीला आता कुठं शोधायचं?

"त्याच्याकडं बघू नगंस," ती कशीबशी म्हणाली. "तू आपली जेव."

भार्गवीला खरोखरच भूक होती. दुसऱ्या घासाला तिला ते जाणवलं, तिसऱ्याला ती मुलाला विसरली, आणि मग वरणभात कालवून भराभर जेवायला लागली. स्वरूपची मान हळूहळू भिंतीवरून परत आली. हाताबरोबर डोळे खाली, डोळे वर. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, रिकामा जबडा हलला. आणि मग त्यानं अशी काही झेप घेतली, की सुलूनं कंबर धरली नसती तर तो ताटातच गेला असता. मूठभर वरणभात त्याच्या तोंडात, मूठभर बाहेर.

भार्गवीचा हात हवेतच राहिला.

"थांबू नगंस! तू खा, खा तू!"

ती खात होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं. स्वरूप हात मारत होता.

"अहो पण हे मिक्सरमधून काढलेलं नाही!" मंदाकिनीबाई म्हणाल्या. मग, "मीठ आहे त्यात!" मग धावत जाऊन त्यांनी बिनमिठाचा मऊ भात आणला, कुस्करून भार्गवीच्याच ताटात एका कडेला घातला, आणि तोही गेला. त्या बघत राहिल्या. "सुलूताई, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठं काय कळलं?" सुलू खरं तेच बोलली. "कापूरहोळला एक म्हातारी जेवत व्हती."

"मग?"

"मग काय न्हाई. जेवली आन् गेली."

स्वरूप पोट भरून आजीच्या मांडीवर टेकला. मंदाकिनीबाईंनी कौतुकानं त्याचे गाल पुसले. "चला, सुटला बाई प्रश्न. आता इथे निवांत राहील." त्या प्रेमानंच म्हणाल्या. सुलूनं मान हलवली. त्याच्या भाताळ हाताचा एक मुका घेतला, त्याला भार्गवीकडे दिला आणि पिशवी उचलली.

"निघते मी. गाडी हाय आता."

"आई, तुम्ही कुठे जेवलात?"

"घरी जाऊन जेवीन की."

"घरी कधी जेवता तुम्ही?" भार्गवीनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिच्या कपाळाला आठी पडली. चार वर्षं एका घरात राहून तिला हे माहीत नव्हतं. "मी तुम्हाला जेवताना बघितलंच नाही."

"सगळ्यांचं झालं की जेवते."

"म्हणजे कधी? बसून?"

आता हा काय प्रश्न झाला? चुलीपाशी पातेल्याच्या बुडाचं राहिलेलं, एक पाय गोठ्याकडे, कधी भाकरीवरच कालवण घेऊन हिंडत हिंडत. त्याला बसून म्हणायचं की उभ्यानं, सुलूनं कधी बघितलं नव्हतं. "आता ते काय घड्याळ लावून आसतंय व्हय?" ती म्हणाली.

भार्गवी थोडा वेळ मुलाचे हात पुसत राहिली. "मम्मी, मी ह्याला आज परत घेऊन जाते. एक आठवडा मार्गासनीहूनच ये-जा करून बघते."

"आणि इथे काय कमी आहे?" मंदाकिनीबाई दुखावल्या. "मी काय उपाशी असते? मी जेवीन त्याच्यासमोर."

"तू मालिका बघत जेवतेस, मम्मी. तो टीव्ही खाईल." मग ती सासूकडे वळली, आणि तिचा आवाज एकदम ऑफिसातल्यासारखा झाला. "पण आई, तुम्ही रोज दुपारी ताट वाढून घ्यायचं. गरम. त्याच्यासमोर बसून जेवायचं. उरलंसुरलं नाही. बाबांनी हाक मारली तरी उठायचं नाही. जमेल?"

नातू मिळाला म्हणून आनंद करावा, की ही कसली अट म्हणून भांडावं, सुलूला सुधरेना. "म्हशीची धार…" ती म्हणाली.

"जमेल का?"

"आगं, पन रोज रोज बसून जेवायचं म्हंजे…"

"नाही जमलं तर इकडे आहेच," मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या, पण हात मात्र ताट वाढत होते. दोन पोळ्या, भाजी, वरणभात, वर तूप. त्यांनी ते सुलूपुढे ठेवलं आणि समोर पाट ओढून बसल्या. "घ्या. आत्ताच सुरुवात करा. बघू तरी कसं जमतंय."

पिशवी खांद्यावरून काढून घेतली गेली. सुलू मांडी घालून बसली. समोर विहीण, शेजारी सून, सुनेच्या मांडीवर नातू. पोट भरलं होतं तरी त्याचे डोळे तिच्या हाताला लागले होते. तिनं भात कालवला, घास केला, हात तोंडाशी नेला आणि तो तिथंच थांबला.

"खा ना आई," भार्गवी म्हणाली.

"खाते की. दम धर जरा." सुलूनं उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. बघायला रिकामी भिंतसुद्धा नव्हती, सगळीकडे माणसं. "तुमी सगळी आशी डोळं लावून बसल्यावं कसं गिळायचं मानसानं?"

कुणी हसलं नाही. स्वरूपनं तिच्यासाठी तोंड उघडलं होतं, आणि ते उघडंच धरून तो वाट बघत होता.